गाडींत माणसें किती बसतात?

नवी वस्तु घरांत आली म्हणजे तिचें मोल कळावयास दिवस लागतात. जुन्या वस्तूचें मोल मात्र त्याच दिवशीं कळूं लागतें, असा अनुभव बहुतेक कुटुंबांस असेल. वीस वर्षें एकाच मोटारीचें चाक हातीं धरल्यानंतर गेल्या महिन्यांत आम्ही एक नवी लहान मोटार घेतली, आणि अंबाजोगाईहून परळी, केज व लातूर अशा तीन वाटांनीं ती चालवून पाहिली. तेवढ्या थोड्या परिचयानें जे विचार मनांत आले ते वाचकांपुढें ठेवीत आहों. नव्या गाडीचें नांव येथें मुद्दामच देत नाहीं. एखाद्या कारखान्याची भलामण करणें हा या लेखाचा हेतु नव्हे. शिवाय जें सांगावयाचें आहे तें आजच्या बहुतेक लहान गाड्यांस सारखेंच लागू पडतें.

जुनी गाडी म्हणजे मारुति ८००. पन्नाशी उलटलेल्या वाचकांस तरी तिची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लीस पहिली गाडी ग्राहकाच्या हातीं पडली, व जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. तत्पूर्वीं आपल्याकडे मोटार म्हणजे एक तर ॲम्बॅसडर, नाहीं तर कुर्ल्याच्या कारखान्यांत होणारी फियाट; आणि तीहि मिळावयास वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. शिक्षक, वकील, डॉक्टर अशा मध्यम स्थितींतील गृहस्थांच्या दारांत मोटार उभी केली ती या लहानग्या गाडीनें. लांबी ३३३५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अकरा फूट; वजन साडेसहाशें किलोंच्या आसपास; एंजिन ७९६ घनसेंटिमीटरचें; चाकें बारा इंचांचीं. एवढ्या सामग्रीवर तिनें एक पिढी वागविली.

या गाडीचा विशेष असा कीं, ती चालविणाऱ्याशीं बोलत असे. चाक वळविण्यास साह्य करणारी यंत्रणा आमच्या गाडींत नव्हती. त्यामुळें रस्त्याचा खडा न् खडा तळहातास कळे. कोणत्या चढावर गिअर बदलावयाचा तें कानासच समजे. नव्या गाडींत विजेची मोटर हाताला साह्य करते, व उभ्या गाडीचें चाकहि सहज फिरतें. काचा वर केल्या कीं बाहेरचें जग मुकें होतें, आणि साठाचा वेग चाळिसाचा भासतो. वेगाची जाणीव अंगास होत नाहीं, तेव्हां ती यंत्रानेंच करून द्यावी लागते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ताशीं ८० किलोमीटर ओलांडतांच वाजणारी सूचना सक्तीची झाली, तिचें महत्त्व येथें पटतें.

नव्या गाडीची लांबी चार मीटरांस किंचित् कमी आहे. हा योगायोग नव्हे. २००६ च्या अर्थसंकल्पांत चार मीटरांच्या आंतील, व पेट्रोलचें एंजिन १२०० किंवा डिझेलचें १५०० घनसेंटिमीटरपेक्षां मोठें नसलेल्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलें. पुढें कर बदलले, तरी चार मीटरांची मर्यादा टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तु व सेवा कर १८ टक्के झाला तोहि याच मापानें. म्हणजे लहान गाडी किती लांब असावी, हें बव्हंशीं कराच्या कलमानें ठरविलें आहे.

तरीहि ती जुनीपेक्षां दोन फूट लांब व जवळजवळ फूटभर रुंद आहे, आणि त्याचा प्रत्यय अंबाजोगाईच्या जुन्या पेठांतील बोळांत लगेच येतो. जेथें पूर्वीं समोरून येणाऱ्या दुचाकीस वाट मिळे, तेथें आतां दोघांपैकीं एकानें थांबावें लागतें. मागें जातांना पाठीमागचें दृश्य पडद्यावर दिसतें, ही सोय उत्तम. उलट पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब जाड झाले आहेत, व वळणावर त्यांच्या आड एखादी सायकल सबंध दडूं शकते. तेथें मान पुढें करून पाहण्याची संवय लावून घ्यावी लागते. मात्र हे खांब उगाच जाड केलेले नाहींत. गाडी आदळली वा उलटली तरी माणसें बसण्याचा भाग चेपूं नये, म्हणून त्यांस बळ दिलेलें असतें. नाकाडाचा भाग उलट मुद्दाम चेपेल असा करतात. कारण आघाताचा जोर पत्र्यानें गिळला तर तो माणसाच्या छातीपर्यंत कमी पोंचतो. बोटांनीं पत्रा वाजवून गाडीची मजबुती ठरविण्याची आपली परीक्षा आतां उपयोगाची राहिली नाहीं. २०१४ च्या आरंभीं ग्लोबल एन्कॅप या संस्थेनें भारतांतील पांच लोकप्रिय लहान गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आदळवून पाहिल्या, तेव्हां प्रौढांच्या रक्षणाबाबत पांचींसहि शून्य तारे मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची तशी परीक्षा सुरू झाली, व आतां कांहीं लहान गाड्या पांच तारे मिळवूं लागल्या आहेत.

ब्रेकाचीहि गोष्ट सांगण्याजोगी आहे. आमचा बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. हंगाम लागला कीं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रीं रस्त्यावर असतात, व कित्येकांस मागें दिवा नसतो. केजच्या वाटेवर असाच एक अंधारांतून एकाएकीं पुढें आला. ब्रेक दाबतांच पायाखालीं थरथर जाणवली, आणि गाडी न घसरतां सरळ रेषेंत थांबली. चाक जखडूं लागतांच ब्रेक क्षणभर सैल करावयाचा व पुन्हां लावावयाचा, हें काम यंत्र एका सेकंदांत अनेक वेळां करतें. २०१९ पासून हें सर्व नव्या मोटारींस सक्तीचें आहे.

परंतु या सर्वांहून मोठा फरक निराळाच आहे. जुनी गाडी माणसें मोजीत नसे, नवी मोजते. मार्गशीर्षांत योगेश्वरी देवीचा उत्सव असतो. कोंकणांतलीं व पुण्यामुंबईचीं अनेक घराणीं कुलस्वामिनीच्या दर्शनास येतात, आणि येथील घरें पाहुण्यांनीं भरून जातात. अशा वेळीं आजी पुढें, त्यांच्या मांडीवर तान्हें. मागें चौघी लेकीसुना, त्यांच्या मांडीवर मुलें, पायांशीं ओटीचें सामान, अशी मुकुंदराजांच्या समाधीपर्यंतची वारी त्या लहान गाडीनें घरोघर घडविली. 'बसा, बसा, होईल जागा' हें तर एकत्र कुटुंबाचें ब्रीदच. नवी गाडी तें मानीत नाहीं. पट्टे पांच, म्हणून माणसें पांच. आसनावर कोणी बसलें व पट्टा अडकविला नाहीं, तर ती एकसारखी टोंकत राहते.

हें टोंकणें त्रासदायक वाटलें, तरी त्यामागचा हिशेब एकदां करून पाहावा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळणें म्हणजे सुमारें ४६ फूट उंचीवरून खालीं पडणें. ताशीं ५० च्या वेगांतली गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत थांबली, तर दहा किलोंच्या मुलास धरून ठेवण्यास सुमारें १४० किलोंचा भार पेलण्याइतकें बळ लागेल. कोणत्या मातेच्या हातांत तें आहे? पुढच्या आसनासमोरची हवेची पिशवी तर पापणी लवण्याच्या आंत फुगते. मांडीवरच्या बाळास तीच घातक. मागें बसणारास पट्टा नको, हाहि भ्रमच. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघरनजीक उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हां ते मागच्या आसनावर होते, व पट्टा लावलेला नव्हता असें पोलिसांनीं सांगितलें. २०१९ च्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यानें वा खास आसनांत न बसविल्यास हजार रुपये दंड ठरला आहे; पण दंडाच्या भीतीनें करावी अशी ही गोष्ट नव्हे.

येथून प्रश्न यंत्राचा राहात नाहीं, घराचा होतो. पांच बसले, सहावें माणूस कोण? गुडघे दुखणाऱ्या आजी 'मी घरींच बरी' म्हणतात, नाहीं तर धाकटी सून 'स्वयंपाकाचें मी पाहतें' म्हणते. हें म्हणणें सर्वांस सोयीचें असल्यामुळें दुसऱ्यांदा विचारण्याची तसदी कोणी घेत नाहीं. जुन्या गाडींत जीव धोक्यांत असत, पण मागें कोणी राहात नसे. नव्या गाडींत जीव राखला जाईल, पण तेंच तेंच माणूस मागें राहूं लागलें तर राखलेल्या सुखाला एक बाजू उणी पडेल.

उपाय कठीण नाहींत. गांवांतल्या गांवांत दोन खेपा कराव्या. पेट्रोलाचे थोडे रुपये अधिक जातील, एवढेंच. परळीस वा लातुरास जावयाचें असेल तर धडधाकट माणसांनीं एस. टी. धरावी आणि मोटारींतली जागा वृद्धांस व मुलांस द्यावी. स्त्रियांस तेथें मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलतहि मिळूं लागली आहे. मुलाचें आसन गाडीबरोबरच विकत घ्यावें, नंतर घेऊं म्हणूं नये. आणि घरीं राहण्याची पाळी यावयाचीच असेल, तर ती खरोखर पाळीनें यावी. गाडी चालविणारे कर्ते पुरुषहि तींतून सुटूं नयेत.

पंधरा दिवसांच्या परिचयावर नव्या गाडीस आमचा कौल अनुकूलच आहे. हात तिला सरावतील, कानांस तिची शांतता अंगवळणी पडेल. घरानें मात्र एक नवी रीत शिकावयाची आहे: किल्ली फिरविण्यापूर्वीं पट्टे मोजावे, आणि तत्पूर्वीं घरांतलीं माणसें मोजावीं.