गोदाकाठची सत्ता : पैठण ते शहागड

धुळे–सोलापूर महामार्गाने दक्षिणेकडे निघालं की शहागडला गोदावरीचा पूल लागतो. अंबड तालुका इथे संपतो, पलीकडे बीडमधलं गेवराई. पूल नव्हते तेव्हा ही नदी कोण, कुठे आणि कोणत्या महिन्यात ओलांडतो यावर खोऱ्यातली राज्यं ठरत. शहागडच्या वरच्या अंगाला, याच उत्तर काठावर वसलेल्या पैठणचा इतिहास राजांच्या वंशावळीपेक्षा या पाण्यावरून अधिक उलगडतो, असं माझं मत आहे.

सातवाहनांची ही राजधानी, प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तगर, म्हणजे आपलं तेर, आणखी दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. तेरच्या वाटेवर गोदावरी आडवी येणारच. पैठणहून गाड्या भरभरून मौल्यवान दगड बंदराकडे जात. हा माल काढणाऱ्या, विकणाऱ्या माणसांची नावं आपल्याला फारशी ठाऊक नाहीत; म्हणूनच पितळखोऱ्याच्या लेण्यातला एक लेख मला मोलाचा वाटतो. पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याच्या, कुटुंबाने तिथे दान दिलं आणि खांबावर तसं कोरवून ठेवलं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव करून त्याच्याच नाण्यांवर आपला छाप मारला. 1906 साली जोगलटेंभीला अशी नाणी असलेल्या साठ्यात 13 हजारांहून अधिक नाणी सापडली. नाणी कोणाची चालायची हे रणांगणावर ठरलं. पण ती ज्याच्या हातून फिरायची तो मितदेवासारखा माणूस होता.

सातवाहन गेल्यावर राजधानीचा मान गेला आणि तो परत कधीच आला नाही. तरीही नव्या सत्तेला पैठण टाळता आलं नाही. राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाचा शके 716 चा ताम्रपट इथला, यादव रामचंद्राचा शके 1193 चा ताम्रपटही इथलाच. देवगिरीच्या सावलीत असताना पैठण शास्त्रार्थाचं पीठ झालं होतं. संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेल्या ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी याच गावच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावं लागलं, अशी परंपरा सांगते. राजा देवगिरीला असला तरी धर्माचा निवाडा पैठणला होई. ही सत्ता तलवारीच्या सत्तेइतकीच कठोर होती, आणि तीनशे वर्षांनी तिच्याच अंगणात राहून एकनाथांनी तिला माणुसकीने उत्तर दिलं.

मधल्या काळात खिलजी, तुघलक, बहमनी, अहमदनगरची निजामशाही, मुघल येऊन गेले. मग आसफजाही निजाम आणि मराठे समोरासमोर आले, आणि नदी पुन्हा मध्यभागी आली. पालखेडला निजामाची कोंडी केल्यानंतर 6 मार्च 1728 रोजी पहिल्या बाजीरावाने त्याच्याशी तह केला तो पैठणच्या पलीकडच्या काठावर, मुंगी-शेवगावला. 1760 च्या डिसेंबरात, सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतावर उपाशी असताना, नानासाहेब पेशव्यांनी पैठणच्या वाखरे सावकारांच्या मुलीशी लग्न केलं. सावकाराचं घर सोयरिकीला का निवडलं गेलं असेल, हे पुण्याच्या रिकाम्या खजिन्याकडे पाहून समजतं.

तीनच वर्षांनी शहागडच्या परिसरातच, पलीकडच्या काठावर राक्षसभुवनला निजामाशी हिशेब झाला. पावसाळा होता. निजामअलीने सैन्याचा एक भाग घेऊन गोदावरी ओलांडली; त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला. मधे भरलेली नदी. 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशवे आणि रघुनाथरावांनी नेमकी ही तुटलेली फौज गाठली. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि धन्याला पलीकडून काही करता आलं नाही. पानिपतानंतर मराठी दौलत सावरली ती तरुण पेशव्याच्या धडाडीने, आणि तितकीच गोदेच्या पुराने. आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिलं कारण असतं, दुसरं क्वचितच.

तरी मुलूख पुढे हैदराबादच्या निजामाकडेच राहिला, तो थेट सप्टेंबर 1948 पर्यंत. 1965 साली पैठणला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. 1976 मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. धरणाला 27 दरवाजे आहेत. पावसाळ्यात पैठणला ते उघडले की नदीकाठची गावं सावध होतात, आणि शहागडच्या पुलाखालचं पाणी किती चढेल हे वरच्या त्या दरवाजांवर ठरतं.