कॅलिफोर्नियातील घरगुती पाळणाघर आणि त्याचा परवाना

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्वतःच्या मुलांखेरीज केवळ एकाच कुटुंबातील मुले घरी सांभाळणाऱ्याला परवाना लागत नाही; मात्र आणखी एका कुटुंबाचे मूल नियमितपणे येऊ लागले, की ते घर कायद्याच्या दृष्टीने पाळणाघर ठरते आणि राज्याच्या समाजसेवा खात्याचा परवाना बंधनकारक होतो.

या परवान्यात सर्वाधिक विचार झालेला दिसतो तो मुलांच्या संख्येचा. लहान पाळणाघरात सहा मुले ठेवता येतात, पण त्यांत तान्ही, म्हणजे दोन वर्षांखालील, मुले तीनपेक्षा अधिक चालत नाहीत आणि सगळीच तान्ही असतील तर मर्यादा चारवर येते. काही मुले शाळेत जाणारी असल्यास सहाची मर्यादा ठरावीक अटींवर आठपर्यंत वाढते. मोठ्या पाळणाघराला मदतनिसासह १२ आणि अटी पाळल्यास १४ मुलांची मुभा मिळते. या संख्येत चालकाची स्वतःची दहा वर्षांखालील मुलेही धरली जातात, आणि हीच तरतूद सर्वांत न्याय्य म्हटली पाहिजे. कारण घरच्या मुलाकडेही लक्ष द्यावेच लागते आणि ते हिशेबातून वगळले, तर तेवढे लक्ष इतर बाळांच्या वाट्याचे कमी होते.

परवाना चालकाच्या नावाने असला, तरी तपासणी साऱ्या घराची होते. तेथे राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाच्या बोटांचे ठसे घेऊन त्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी पडताळली जाते, म्हणून एकत्र राहणाऱ्या आजी-आजोबांनाही त्यातून सूट नाही. चालकाला आरोग्य व सुरक्षिततेचे १६ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, ज्यात लहान मुलांचे प्रथमोपचार आणि श्वास वा हृदय थांबल्यास द्यावयाची कृत्रिम चालना यांचाही समावेश असतो. झोपलेल्या तान्ह्या बाळाला दर १५ मिनिटांनी जवळ जाऊन पाहणे सक्तीचे असून, वर्षाआतील बाळाला उताणेच निजवावे लागते.

२०१९ साली संमत झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२० पासून मोठ्या घरगुती पाळणाघरालाही निवासी वापराचा दर्जा मिळाला, त्यामुळे जमीनवापराच्या नियमांवर बोट ठेवून नगरपालिकेला ते अडवता येत नाही. पालकांना पूर्वसूचना न देता आत येऊन पाहण्याचा हक्क असतो. तेथील मराठी कुटुंबांनी एक गोष्ट मात्र आधीच तपासून घ्यावी: हा परवाना काम करण्याचा हक्क देत नाही, त्यामुळे पतीच्या नोकरीवर आधारलेल्या काही प्रकारच्या अवलंबित व्हिसांवर राहणाऱ्या स्त्रीला पाळणाघर चालवण्यासाठी केंद्र सरकारची कामाची परवानगी स्वतंत्रपणे मिळवावी लागते.