हेकरूच्या मागावर

अलिबागजवळच्या किहीमवर लिहायचं म्हणजे पाखरांवर लिहायचं, हा मराठी नियतकालिकांतला जवळजवळ दंडकच. या वेळी संपादकांनी झाडांकडे पाठ करून समुद्राकडे बघायला सांगितलं. प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांचा अभ्यास शास्त्रज्ञ कसा करतात, ते लिहा म्हणाले. हेकरू, तांबोशी, कोकर, मुशी ही ती मंडळी. किहीमच्या पुळणीवर उभं राहिलं तर डाव्या हाताला खांदेरी-उंदेरी दिसतात आणि समोर गढूळ पाणी. खाड्यांचा गाळ भरती-ओहोटीबरोबर सतत घुसळत असतो. बुडी मारली तर स्वतःचा हात दिसायची पंचाईत. हेकरू इथं नाही असं नव्हे. खडपांच्या कपारीत तो असतो, गळाला लागतो, बाजारात येतो. पण त्याचं जगणं इथं कुणाला पाहता येत नाही. आपल्या वाट्याला येतो तो मेलेला.

आणि मग पाखरं आलीच. 1930 च्या पावसाळ्यात पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली किहीमला राहत होते. जर्मनीहून शिकून आलेले, हाताला नोकरी नाही. घराजवळ सुगरणींची वसाहत होती, तिच्यासमोर ते बसून राहिले. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन ते तपासतात. एखादीला पसंत पडलं की तो ते पुरं करतो, तिला अंड्यांवर बसवतो आणि दुसरीसाठी नवं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी इथं टिपलं. 1931 मध्ये तो लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात छापून आला. साधनं म्हणाल तर डोळे, वही आणि रिकामा वेळ.

मोठ्या माशांच्या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं काम आजही असंच होतं, असं माझं मत झालं आहे. फरक इतकाच की निरीक्षकाच्या पाठीवर हवेची टाकी असते आणि रिकामा वेळ तासाभरात संपतो.

रूढ पद्धत आधी उरकून घेऊ. पाणबुड्या तळाशी पन्नास मीटरची फीत टाकतो आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून पाच मीटरच्या पट्ट्यातले मासे मोजत जातो. मोठे मासे आधी मोजायचे, कारण पळतात तेच आधी. प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीनं जात, संख्या आणि अंदाजे लांबी लिहायची. हा लांबीचा अंदाज फार दगा देतो. पाण्यात वस्तू एक-तृतीयांशानं मोठी दिसते. साठ सेंटिमीटरचा हेकरू ऐंशीचा वाटतो. म्हणून कामाला लागण्याआधी ठरावीक लांबीच्या काठ्या किंवा लाकडी मासे पाण्यात ठेवून नजर बसवून घ्यावी लागते. चुकलं, पुन्हा बघ; चुकलं, पुन्हा बघ. किनाऱ्यावर बसून गळाला लागलेल्या माशाची लांबी वाढवून सांगणाऱ्यांनाही हे शिक्षण द्यायला हरकत नाही.

बुडबुड्यांना बुजणाऱ्या माशांसाठी कॅमेरा आहे. लोखंडी चौकटीवर कॅमेरा, समोर दांडा, दांड्याच्या टोकाला पिशवीत ठेचलेली तारली. तो तासभर तळाशी सोडून द्यायचा. नंतर चित्रफीत बघताना एकाच चौकटीत एका जातीचे जास्तीत जास्त किती मासे दिसले तेवढाच आकडा धरायचा, म्हणजे तोच मासा फिरून आला तरी दोनदा मोजला जात नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांनी याच रीतीनं 58 देशांतल्या 371 प्रवाळभित्तींवर मुशी शोधल्या. 2020 मध्ये निष्कर्ष आला. जवळजवळ दर पाच भित्तींपैकी एकीवर एकही मुशी कॅमेऱ्यासमोर आली नव्हती.

मेलेला मासाही बोलतो. त्याच्या डोक्यातला पांढरा खडा आपल्याकडे ताटात सापडतो आणि आपण तो काढून टाकतो. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षांची वर्तुळं दिसतात. मांसाच्या तुकड्यातला जड नायट्रोजन मोजला की मासा अन्नसाखळीत किती वरच्या पायरीवर जेवतो ते कळतं. पण वय आणि आहार कळला म्हणजे स्वभाव कळला असं नाही.

स्वभावाची गोष्ट लक्षद्वीपला घेऊन जाते. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर यांनी 1998 च्या विरंजनापासून, म्हणजे समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले तेव्हापासून, तिथल्या भित्तींवर लक्ष ठेवलं आहे. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या रुचा करकरे यांनी हेकरू निवडला. हेकरू हा दबा धरून बसणारा. कपारीत पडून राहायचं, टप्प्यात आलेलं गिळायचं. आता प्रवाळ मेले, ढासळले, कपारीच उरल्या नाहीत, तर दबा धरायचा कुठं?

याचं उत्तर मोजून मिळत नाही. एकेका माशाच्या मागे राहावं लागतं. निळ्या ठिपक्यांच्या लहानशा हेकरूच्या मागे त्या आणि त्यांचे सहकारी राहिले. तो कुठवर जातो, किती वेळ थांबतो, किती वेळ हिंडतो, हे टिपत गेले. भित्त जितकी सपाट झालेली, तितकं त्याचं शिकारीचं क्षेत्र पसरलेलं आढळलं. दबा सोडून तो हिंडून शिकार करू लागला होता. खाणं मात्र फारसं बदललं नव्हतं, तेच खाणं मिळवायला तो जास्त वणवण करत होता. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याआधी, 2014 मध्ये, त्यांनी दाखवलं होतं की जास्त वर्षं जगणाऱ्या हेकरूंना हे जमत नाही. ते टिकतात ते जिथं भित्तीचा सांगाडा शाबूत आहे तिथंच.

मला सगळ्यात गुंतवून ठेवलं ते तिसऱ्या कामानं. चौकोनी शेपटीचे हेकरू एरवी एकलकोंडे. विणीच्या दिवसांत मात्र अमावास्येच्या सुमाराला, ठरलेल्या जागी, शेकड्यांनी जमतात. उधाणाचं गणित कोळ्यांना पाठ असतं तसं यांनाही. लक्षद्वीपात अशी एक जागा मासेमारीपासून तोवर वाचली होती. करकरे, अमोद झांबरे आणि सहकाऱ्यांनी तिथं पाण्याखाली राहून नरांचं वागणं टिपलं. बहुतेक नर तळाशी आपापली हद्द राखून बसतात, आत आलेल्या मादीची मनधरणी करतात, शेजाऱ्याशी भांडतात. पण काही मोठे नर हद्दच सोडून देतात. वरच्या पाण्यात लहान माद्यांचा थवा फिरत असतो, त्यात शिरून ते एकीऐवजी अनेकींमागे लागतात. उलट लहान नर मोठ्या माद्यांच्या खटपटीत. मोठ्याला मोठी, लहानाला लहान हा आपला अंदाज तिथं साफ उलटा पडतो. नर इतक्या दाटीनं जमले की असं होतं, विरळ गर्दीत त्याची गरजच पडत नाही. म्हणजे हे वागणं गर्दीचं आहे, आणि गर्दी गेली की तेही जाणार. किहीमच्या सुगरणींसमोर बसलेल्या माणसाला हे काम आवडलं असतं.

आता अडचणी. त्या लिहायला बसलं की संपत नाहीत.

जी गर्दी शास्त्रज्ञाला हवी, तीच जाळंवाल्यालाही हवी. वर्षभराचे मासे चार दिवसांत एका जागी, आणि लग्नाच्या घाईत असल्यानं माणसाला फारसे न बुजणारे. म्हणून अशा जागांचे नेमके पत्ते शास्त्रज्ञ शक्यतो छापत नाहीत. लक्षद्वीपची मासेमारी मुख्यतः गळ-काठीच्या ट्यूनावर चालली, त्यामुळे भित्तीवरचे मासे बचावले होते. अलीकडे त्यांनाही मागणी आली आहे. त्यात बहुतेक हेकरू मादी म्हणून वाढतात आणि मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात. मोठा मासा वेचून काढला की नरच वेचले जातात. गर्दीत माद्या पुष्कळ, नर मोजके, अशी अवस्था येते.

भित्तींचं काय, तर 1998, 2010, 2016, 2024 अशी विरंजनं झाली. अगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या भित्तींवर 1998 मध्ये सुमारे 37 टक्के जिवंत प्रवाळ होते, 2022 पर्यंत ते 19-20 टक्क्यांवर आले. मासा कसा जुळवून घेतो ते पाहायला गेलेली माणसं दर खेपेला आधीपेक्षा उजाड भित्त पाहून येतात.

आपल्या महाराष्ट्राचीही अशी एक भित्त आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर, वीसेक मीटर पाण्याखाली, जवळजवळ 40 किलोमीटर लांबीचं पठार. नाव आंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांचं, ज्यांची समाधी अलिबागेत आहे. 2019 च्या डिसेंबरात संशोधकांची एक मोहीम जहाजानं तिथं गेली होती. पण जहाज, पाणबुडे, हवामान सगळं एकदम जुळावं लागतं आणि पावसाळ्यात तर नावच नको. शिवाय किनाऱ्यापासून 22 किलोमीटरपलीकडे देशाचा प्रादेशिक समुद्र संपतो, तिथं वन्यजीव कायद्याखाली अभयारण्य करता येत नाही. मालवणला 1987 मध्ये सागरी अभयारण्य झालं. आंग्रियाला मात्र तो मार्ग बंद आहे.

आणि किहीम? गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा. पाण्यात सुटलेल्या डीएनएवरून कोणत्या जाती आहेत ते कळेल, पण नर की मादी, लहान की मोठा, कळणार नाही. उरतं ते बंदर. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभर उतरलेल्या मासळीच्या नोंदी ठेवते. ससून डॉक, भाऊचा धक्का इथं तिचे कर्मचारी टोपल्यांतली मासळी मोजतात. पण नोंदी होतात त्या मेलेल्याच्या, आणि होडीतून थेट ओळखीच्या घरी जाणाऱ्या हेकरूच्या तर होतच नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती. चोंढीच्या नाहीतर अलिबागच्या बाजारात मोठा, गाबोळीनं फुगलेला हेकरू समोर आला तर भाव विचारू नका, त्या दिवशी बांगडा घ्या.