फटी, वाफ आणि विजेचे बिल

दारखिडक्यांच्या फटी बुजवून इंधन वाचवावे, हा विचार मूळचा थंड देशांतला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७६ साली गरीब कुटुंबांच्या घरांसाठी त्याची सरकारी योजनाच काढली. तेथे घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. मग समुद्रकाठच्या मांद्र्याला या फटींचे काय, असे कोणी विचारील. जुन्या कौलारू घरापुरता हा प्रश्न रास्तच आहे. तेथे हवा कौलांतूनही खेळते, आणि तिने खेळावे म्हणूनच ते घर तसे बांधलेले असते. त्याच्या फटी बुजवणे निव्वळ खुळेपणा. पण पाहुण्यांना भाड्याने देण्यासाठी ज्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसवले, तिचे गणित वेगळे. तिचे बिल घरमालकालाच भरायचे असते.

हे गणित उष्णतेपेक्षा पाण्याचे आहे. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान व ८० टक्के आर्द्रता असता एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. खोलीत २५ अंश व ५० टक्के राखायचे, तर त्यातली साडेअकरा ग्रॅमच चालते. उरलेल्या वाफेचे पाणी करण्यासाठी यंत्राला सुमारे ३० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तीच हवा नुसती पाच अंशांनी थंड करायला सहा किलोज्यूल पुरतात! १९०२ साली विलिस कॅरियर याने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आपली यंत्रणा योजली, तीही दमटपणा आवरून कागदाचे फुगणे-आकसणे थांबवण्यासाठीच.

सव्वा मीटर उंच आणि ९० सेंटिमीटर रुंद खिडकीच्या चारी कडांना तीन मिलिमीटर फट असली, तर ती भिंतीला ११ सेंटिमीटर लांबरुंद भोक पाडल्यासारखीच.

फट शोधणे सोपे आहे. बाहेर वारा असताना यंत्र व पंखा बंद करून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवावी. धूर जेथे हलेल तेथे फट. चौकट आणि चिऱ्याची भिंत यांमध्ये लवचिक भरणी घालावी. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि नुसते सिमेंट तेथून सुटते. झडपेला रबरी पट्टी पुरे. मात्र ती उन्हाळ्यातल्या फटीच्या मापाने घट्ट बसवली, तर पावसात झडप लागायची नाही. गॅसची शेगडी किंवा गॅसचा बंब असलेली खोली तेवढी कधीही हवाबंद करू नये. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वासही नसतो.