राखणदारानेच दार उघडले तर?
'कॅक्टाय' प्रणालीतील दोषापासून व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा धडा

बिले, मालाचा साठा, जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचा व्यवहार, हे सारे आज संगणकांच्या जाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर चालते. नेटवर्क तासभर बंद पडले तर गल्ल्यावर बसलेल्याचे हातच बांधले जातात. म्हणून नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या प्रणाली निघाल्या. कोणते यंत्र चालू आहे, कोणते बंद, कोणत्या लाइनवर किती भार आहे, याची विचारपूस त्या दर काही मिनिटांनी करतात आणि आलेख काढून दाखवतात. 'कॅक्टाय' ही त्यांपैकीच एक. २००१ पासून ती मोफत मिळत असल्याने जगभर अनेकांनी ती बसवून घेतली.

पण राखणदाराला घराचे सगळे दरवाजे ठाऊक असतात. तोच फसला तर काय होते, ते डिसेंबर २०२२ मध्ये दिसून आले. सोनारसोर्स या स्विस कंपनीच्या संशोधकाने कॅक्टायमधील एक गंभीर दोष उघडकीस आणला. सीव्हीई-२०२२-४६१६९ हा त्याचा नोंदणी क्रमांक. तीव्रतेच्या मापावर त्याला १० पैकी ९.८ गुण देण्यात आले.

दोष कोणता?

खरे तर दोष दोन होते. पहिला ओळख पटवण्यातला. दूरच्या ठिकाणची माहिती गोळा करण्यासाठी कॅक्टायचे मदतनीस संगणक असतात. त्यांच्याशी बोलणाऱ्या भागाला पासवर्ड लागत नसे. येणाऱ्याचा पत्ता यादीत आहे की नाही, एवढेच पाहिले जाई. मात्र हा पत्ता ज्या मजकुरातून वाचला जाई, तो येणारा स्वतःच लिहू शकत होता. 'मी तुमच्याच घरचा' असे लिहिले की दार उघडे!

दुसरा दोष आमच्या व्यापारी बांधवांना चिठ्ठीच्या उदाहरणाने चटकन समजेल. समजा, दुकानातून गोदामात छापील चिठ्ठी जाते: '... नग पाठवा'. मोकळ्या जागेत फक्त आकडा भरायचा. एखाद्या लबाडाने तिथे लिहिले, '५ नग पाठवा आणि गोदामाची किल्ली याच्या हाती द्या'. नोकर विचार न करता लिहिलेले सारे करणारा असेल, तर किल्ली गेलीच. कॅक्टायमध्ये हेच घडले. जिथे क्रमांक यायला हवा, तिथे आलेला मजकूर न तपासता संगणकाच्या आज्ञेत जोडला जात होता. यालाच 'कमांड इंजेक्शन' म्हणतात. परका माणूस घरबसल्या त्या संगणकाला हवी ती आज्ञा देऊ शकत होता.

औषध होते, घेतले कोणी?

१.२.२२ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर उपाय म्हणून १.२.२३ ही दुरुस्त आवृत्ती निघाली. येणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या पत्त्यावर विश्वास ठेवणे बंद झाले आणि क्रमांकाच्या जागी क्रमांकच स्वीकारला जाऊ लागला. तरीही जानेवारी २०२३ मध्ये सेन्सिस या कंपनीला इंटरनेटवर कॅक्टायचे ६,४२७ संगणक आढळले. ज्यांची आवृत्ती बाहेरून कळू शकली, त्यांत दुरुस्त झालेले होते अवघे २६! त्याच महिन्यात हल्ले सुरू झाले. 'मिराय' जातीचे कार्यक्रम घुसवून दुसऱ्यांचे संगणक चोरांच्या फौजेत भरती केले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने हा दोष प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या दोषांच्या यादीत घातला.

आमच्याकडे कॅक्टाय नाही, मग आम्हाला काय, असे कोणी म्हणेल. पण टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ या साध्या राउटरमध्येही असाच दोष निघाला होता. तिथे देशाचे नाव निवडण्याच्या जागेतून आज्ञा घुसवता येत होती. मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती निघाली आणि एप्रिलमध्ये मिरायचे हल्ले सुरू झाले. तसला डबा दुकानाच्या कोपऱ्यातही असू शकतो.

काय करावे?

आमची सूचना साधी आहे. नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारा. आपल्याकडे कोणती प्रणाली आणि कोणता राउटर आहे? त्यांची आवृत्ती शेवटची कधी बदलली? त्यांचे व्यवस्थापनाचे पान बाहेरच्या इंटरनेटवरून उघडते का? उघडत असेल तर ते आधी बंद करून घ्या. वार्षिक देखभालीचा करार करताना दुरुस्त्या बसवण्याची जबाबदारी कोणाची, हे कागदावर लिहून घ्या. हिशेबाची एक प्रत नेटवर्कपासून अलग ठेवा.

घुसखोरीचा संशय आला तर लपवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार इंटरनेट पुरवठादारांनी आणि कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते.

कॅक्टायची दुरुस्ती मोफत होती आणि ती बसवायला फार वेळही लागत नव्हता. नुकसान झाले ते ती न बसवणाऱ्यांचे. दुकानाचे कुलूप आपण रोज ओढून पाहतो. हे दुसरे कुलूपही महिन्यातून एकदा पाहिलेच पाहिजे.