साष्टी : लाव्हाचे बेट

ज्वालामुखीची बेटे म्हटली की आपल्याला मॉरिशस आठवते. पण डोंबिवलीहून निघालेली लोकल कळव्यापुढे खाडी ओलांडते, तेव्हा आपणही लाव्हाच्याच बेटावर पोचतो! हे साष्टी, म्हणजे ६६ गावांचे बेट. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी थरांवर थर साचून बनलेला हा खडक. त्यातच भिक्षूंनी कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी खोदली, शेजारी पाण्याची टाकीही. पाऊस साठवण्याची ती अक्कल मला तिथल्या मूर्तींहूनही थोर वाटते. येऊरच्या रानात बिबट्या अजून आहे. मात्र २०२४ साली भूमिपूजन झालेला ठाणे-बोरिवली जोडबोगदा याच डोंगराच्या पोटातून जायचा आहे. खडकात मुरणाऱ्या पाण्याचे मग काय होईल? येऊरचा ओढा ओलांडताना हल्ली तेच मनात येते.