मास्टर व रेप्लिका सर्व्हरमध्ये क्वेरींची विभागणी : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. अशा विस्तृत कार्यक्षेत्रात निकालाच्या दिवशी असंख्य विद्यार्थी एकाच वेळी माहिती वाचतात. नोंदींमध्ये बदल मात्र अल्प होतात. हा भार सर्व्हरमध्ये कसा विभागावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना :
उदाहरणादाखल, मास्टर सर्व्हर नांदेडला व रेप्लिका लातूरला आहे असे मानू. नवी नोंद घालणे, बदलणे व वगळणे ही कामे मास्टरवरच होतात. मास्टर प्रत्येक बदल लॉगमध्ये लिहितो व रेप्लिका तो लॉग वाचून तेच बदल स्वतःवर करते. वाचनाच्या क्वेरी रेप्लिकाकडे पाठविल्यास मास्टरचा भार हलका होतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रेप्लिकावरून वाचनाची सोय २०१० च्या ९.० आवृत्तीपासून उपलब्ध आहे. तथापि, ‘सिलेक्ट’ने आरंभ होणारी प्रत्येक क्वेरी रेप्लिकाकडे पाठविणे योग्य नाही. ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ नोंदीला कुलूप लावते, म्हणून ती मास्टरकडेच गेली पाहिजे.

विलंबाची समस्या :
रेप्लिका नेहमी किंचित मागे असते. याचे कारण अंतर हे नव्हे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दीडशे किलोमीटरला एक मिलिसेकंदही लागत नाही. मास्टरवर अनेक व्यवहार एकाच वेळी होतात, रेप्लिका मात्र ते बहुधा क्रमाने करते. त्यामुळे गर्दीत ती मागे पडते. परिणामी परीक्षा शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यास ‘शुल्क बाकी’ असे दिसू शकते व तो पुन्हा पैसे भरण्याचा संभव असतो.

उपाय :
१) नोंद केल्यानंतर काही काळ त्या विद्यार्थ्याच्या क्वेरी मास्टरकडेच पाठवाव्यात.
२) नोंदीचे लॉगमधील स्थान लक्षात ठेवून, तेथपर्यंत पोहोचलेल्या रेप्लिकावरूनच वाचन करावे.
३) ठरविलेल्या मर्यादेपेक्षा मागे पडलेली रेप्लिका तात्पुरती वगळावी. मात्र सर्वच रेप्लिका वगळल्यास संपूर्ण भार मास्टरवर येऊन तो कोलमडू शकतो, याचे भान ठेवावे.

निष्कर्ष :
वाचकास काही क्षण जुनी माहिती चालेल काय, हाच विभागणीचा निकष होय. जाहीर निकाल रेप्लिकावरून वाचता येईल. शुल्काची पडताळणी मास्टरवरच करणे हितावह आहे.